सोडे, पण थाई!

कबूल करते. गेली चार वर्षं थाई रेस्टॉरंटमध्ये गेल्यावर मी मेन्यूकार्ड उघडलेलं नाही. टीम लंच असो, कोणाचा बर्थडे असो, नाहीतर कोणी नोकरी सोडल्याचं सेलिब्रेशन... ग्रीन करी, जस्मिन राइस, विषय संपला. हसताय काय? तुमच्यातले निम्मे हेच करतात!

खरं तर मुंबईला थाई जेवण काही नवं नाही. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात शेफ आनंदा सोलोमन यांचं 'थाई पॅव्हेलियन' सुरू झालं 1993 मध्ये. म्हणजे इतकी वर्षं झाली आणि आपली गाडी अजून त्या हिरव्या वाटीतच. म्हणून एप्रिलमध्ये स्वतःला एक नियम घालून घेतला. ग्रीन करी बंद. ऑफिसजवळच्या थाई जागांमध्ये दर शुक्रवारी असा पदार्थ मागवायचा, ज्याचं नावसुद्धा धड उच्चारता येत नाही.

पहिला शुक्रवार सोम तमचा. कच्च्या पपईचा कीस, खलबत्त्यात मिरची-लसणाबरोबर हलकेच ठेचलेला, वर लिंबू आणि दाणे. वेटरने विचारलं, 'लेस स्पायसी?' मी कोकणातली असल्याच्या माजात 'नो' म्हटलं. पुढची दहा मिनिटं फक्त पाणी प्यायले. माज तरी कशाचा करायचा म्हणा! मिरची त्यांचीही नाही आणि आपलीही. पोर्तुगीज 1511 मध्ये अयुत्थयाच्या दरबारात पोचले आणि 1521 मध्ये त्यांनी आमच्या रायगड किनाऱ्यावर चौलला किल्ला बांधायला घेतला. अमेरिकेतली मिरची दोन्हीकडे पोचली ती त्यांच्याच व्यापारातून.

दुसऱ्या शुक्रवारी तोम खा. नारळाच्या दुधातलं सूप. त्यातला आल्यासारखा दिसणारा एक तुकडा मी बराच वेळ नेटाने चावत बसले, तर तो खायचाच नसतो! ते कुळिंजन, गवई आवाजासाठी तोंडात धरतात ते. गवती चहाची कांडी आणि लिंबाचं पानही बाजूला काढायचं. असो.

तिसऱ्या शुक्रवारी आलं मिआंग खाम. एका थाळीत छोट्या छोट्या ढिगाऱ्या: भाजलेलं खोबरं, दाणे, आल्याचे आणि कांद्याचे बारीक तुकडे, सालासकट चिरलेलं लिंबू, मिरची. सोबत गुळाचा दाट सॉस आणि हिरवी पानं. पानाचा द्रोण करायचा, सगळं चिमूट चिमूट भरायचं आणि अख्खा विडा तोंडात. थायलंडमध्ये यासाठी चा फ्लू नावाचं पान घेतात, ते विड्याच्या पानाचं चुलतभावंड. माझ्या थाळीत सरळ विड्याचंच कोवळं पान होतं.

पहिला विडा तोंडात टाकला आणि मी गप्प झाले. कारण एका ढिगारीत होते सोडे. हो, सोडे! बारके, गुलाबी, सुकवलेली कोलंबी.

इथे थोडं गावाबद्दल सांगायला हवं. मी बोर्ली पंचतनची. वीकेण्डला दिवेआगरला जाताना ज्या बाजारात तुम्ही पाण्याची बाटली घ्यायला थांबता, ते गाव. तिथे थाई रेस्टॉरंट नाही, पण माझी आत्या आहे. मी मुंबईत नोकरीला लागले तेव्हा ती दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने येणाऱ्या कोणाच्या तरी हातून सोड्यांचा डबा पाठवायची. मी राहायचे त्या घराच्या मालकीणबाईंना एकदा वास आला. मग सोसायटीत चर्चा, मग 'ऐसा खाना यहाँ नहीं चलेगा.' ऑफिसातही मी सोड्यांची खिचडी आणली तर कोणीतरी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी लावली. त्या रात्री मी आत्याला फोन केला आणि फार वाईट आवाजात म्हटलं, 'पाठवत जाऊ नकोस गं, वास येतो.' ती 'बरं' म्हणाली. त्यानंतर डबा आला नाही. चार वर्षं.

आणि आता तोच वास मी एसीत बसून, नॅपकिन मांडीवर ठेवून, 545 रुपये अधिक टॅक्स देऊन घेत होते. बाजूच्या टेबलवरच्यांनी माझी थाळी बघून विचारलं, 'ये क्या है? लुक्स अमेझिंग!'

मे महिन्यात गावी गेले ते मिआंग खाम करायचंच ठरवून. मुंबईहून फक्त दोन गोष्टी नेल्या: फिश सॉसची बाटली आणि कापीची छोटी बरणी. बाकी सगळं आत्याच्या घरात होतं. नारळ मात्र बाजारातून आणावा लागला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, त्यात आत्याच्या अकरा माडांपैकी दोन राहिले. त्याआधी नारळ विकत आणणं ही आमच्याकडे नामुष्की समजायचे. आता ती पैसे मोजते आणि काही बोलत नाही.

कापी म्हणजे जवळ्याला मीठ लावून, आंबवून, कुटून केलेला गोळा. सॉसमध्ये तो लागतो. आत्याने बरणी उघडली, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

'बाय, हा जवळा बिघडलाय.'

'बिघडलेला नाही गं, तसाच करतात.'

'मग वाळवायचा कंटाळा असेल त्यांना.'

सोडे तिने आगोटीच्या खरेदीतले काढून दिले. मी रेस्टॉरंटमधल्या सोड्यांचं वर्णन केलं, कडक आणि खारट, तर तिने लगेच ओळखलं, 'उकडलेले असतील.' बरोबर आहे! थायलंडमध्ये कोलंबी आधी मिठाच्या पाण्यात उकडतात, मग वाळवून सोलतात. आपल्याकडे ताजी सोलून मग वाळवतात. म्हणून आपले सोडे भिजवून शिजवले की पुन्हा फुगतात, आणि त्यांचे तसेच चावायला बरे. आत्याने मग आपले सोडे खोबरेल तेलावर मंद परतून कुरकुरीत केले. रेस्टॉरंटपेक्षा चांगले लागले. हे मी पुतणी म्हणून नाही, कॉलमिस्ट म्हणून सांगतेय.

तिने पहिला विडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग विचारलं, 'हे केवढ्याला मिळतं?'

मी सांगितलं.

'सोडे किती असतात?'

'मोजून बारा-तेरा.'

ती बराच वेळ हसत होती. मीही हसले, पण माझ्या घशात काहीतरी अडकलेलं होतं आणि ते कुळिंजन नव्हतं. फोनवरचं ते बोलणं काढायचं मी तीन दिवस ठरवत होते. शेवटी भांडी घासताना म्हटलं, 'आत्या, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं.' ती म्हणाली, 'राख जरा इकडे सरकव.' बस्स.

निघायच्या सकाळी माझ्या बॅगेत एक स्टीलचा डबा होता. त्यावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीला वेगळी गाठ.

'वास येणार नाही,' आत्या म्हणाली.

आला. म्हसळ्यापर्यंतच अर्ध्या एसटीला कळलं होतं. बाजूच्या काकूंनी 'सोडे का? काय भावाने घेतलेत?' एवढंच विचारलं आणि खिडकी थोडी उघडली.

सध्या डबा ऑफिसच्या फ्रीजमध्ये आहे. वर मी चिठ्ठी लावलीय, 'थाई ड्राइड श्रिम्प'. आजपर्यंत एकही तक्रार नाही. उलट अकाउंट्सच्या दोघींनी रेसिपी मागितलीय.