स्वस्त मोबाईल आणि पिवळे बाळ

गेल्या वर्षी महागडा मोबाईल बिघडला, तेव्हा मी दहा हजारांचा स्मार्टफोन घेतला. समव्यावसायिक मित्रांनी नाके मुरडली. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत नम्रपणे मांडतो. ५००० एमएएचची बॅटरी रात्रीच्या तातडीच्या फोनपर्यंत पुरते, घंटा खणखणीत वाजते, यूपीआय व व्हॉट्सॲप विनातक्रार चालतात. इंदूरच्या उन्हात पडदा थोडा फिका दिसतो, एवढे चालवून घ्यावे. मात्र सुरक्षेची अपडेट्स किती वर्षे मिळणार, हे खरेदीपूर्वी अवश्य विचारावे. रुग्णांची माहितीही याच फोनमध्ये असते.

खरा धोका किमतीत नाही. एका मातेने आपल्या चार दिवसांच्या बाळाचे छायाचित्र पाठवले. बाळ गोरेगोमटे दिसले. पण तिच्या आवाजात काळजी होती, म्हणून बोलावून घेतले. बिलिरुबिन १९ निघाले. तत्काळ प्रकाशोपचार सुरू करावे लागले. कॅमेरा रंग आपल्या मर्जीने बदलतो. महागडाही त्याला अपवाद नाही. तेव्हा मित्रहो, फोन स्वस्त चालेल. परंतु छायाचित्र पाहून ‘कावीळ नाही’ असे कोणीही सांगू नये. बाळ समोर हवे, आणि शंका येताच रक्ततपासणी हवी.