अमावास्येचं मैदान

परवाच्या रविवारी आमच्या आळीतली चार मुलं फुटबॉलची मॅच न खेळताच घरी आली. त्यांच्याकडे बूट नव्हते. पहाटे उठून, डबे घेऊन, टमटमने केळवे रोड स्टेशन गाठून, तिथून लोकलने ती स्पर्धेच्या गावी पोचली होती. नावं नोंदवताना बुटांचा विषय कुणी काढला नव्हता. मैदानाच्या दाराशी मात्र एकेकाचे पाय पाहिले गेले आणि चौघांना बाजूला बसवलं. उरले सात. सात जण असले की मॅच सुरू करता येते, म्हणून ती सात जणं खेळली आणि सहा गोल खाऊन आली.

माझा भाचा त्या सातांतला. घरी आला, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसला. जेवायला वाढलं तेव्हा म्हणाला, "आत्या, माझ्याकडे बूट आहेत याचीच मला आज लाज वाटत होती." तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. म्हणून या आठवड्यात पानवाडीवर लिहायचं ठरवलं होतं ते पुढे ढकलते.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. बूट आणि शिनगार्ड खेळाच्या नियमांतच आहेत, आणि ते असावेत. अनवाणी पायावर बुटाचा खिळा पडला तर काय होतं हे मी पाहिलेलं आहे. राग येतो तो दाराशी सांगण्याचा. आठ दिवस आधी एक फोन आला असता तर आम्ही चार जोड कुठूनही उभे केले असते. आणि ज्यांच्या मॅच संपल्या होत्या, त्यांचे बूट तासभर मागून देणं त्या मांडवातल्या एकाही मोठ्या माणसाला सुचू नये? मुलं तिथेच होती, बूट तिथेच होते. मध्ये फक्त कुणीतरी शब्द टाकायचा होता.

त्या रात्री मी भाच्याला मोहन बागानची गोष्ट सांगितली. कलकत्त्याचा हा क्लब १८८९ सालचा, हौशी खेळाडूंचा. १९११च्या आयएफए शील्डमध्ये त्यांनी सेंट झेव्हियर्स, रेंजर्स आणि रायफल ब्रिगेडला हरवलं. उपान्त्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली, मग पुन्हा खेळून ३-० ने जिंकले. २९ जुलैला अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने पहिला गोल केला. शिबदास भादुरीने तो फेडला आणि शेवटच्या काही मिनिटांत अभिलाष घोषने दुसरा मारला. लांब उभ्या असलेल्या गर्दीला गोल कळावेत म्हणून पतंग उडवले होते म्हणतात. समोर बूट घातलेले गोरे सोल्जर, आणि इकडचे दहा जण अनवाणी.

दहाच, अकरा नव्हेत. अकरावा, सुधीर चॅटर्जी हा बॅक, बूट घालून खेळला. लोक या मोसमाची गोष्ट सांगतात ती अनवाणी पायांची म्हणून. मला त्यातला हा एक बुटांचा जोड फार मोलाचा वाटतो. ज्याच्याकडे बूट होते तो घालून आला, नव्हते ते तसेच आले, आणि फोटोत अकरा जण एका संघाचे म्हणून दिसतात. भाचा हे ऐकून पहिल्यांदाच जरा सैल झाला. "म्हणजे त्याला कुणी काही म्हटलं नाही?" एवढंच विचारलं.

अनवाणी खेळण्याचं मला कौतुक वाटतं, पण त्याची किंमतही ठाऊक आहे. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ ने हरले, दोन पेनल्टी हुकल्या. चार वर्षांनी हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा गोल मारले. त्यानंतरच आपल्याकडे बुटांची सक्ती झाली. तेव्हा मुलांच्या पायांत बूट हवेतच. प्रश्न एवढाच की ते कुणी घालायचे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमी आपापला संघ उभा करतात आणि अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर पोराच्या मागे उभी असते. आमच्या पोरांच्या मागे पेठ नाही, समुद्र आहे.

आणि समुद्राचं म्हणाल तर या मुलांचा सगळा मोसमच तो ठरवतो. तिथीवरून भरती काढायची रीत मी मागे लिहिली होती, तेव्हा बऱ्याच जणांनी ती वहीत उतरवून घेतल्याचं कळवलं. नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पुरतं भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी ऐन खेळायच्या वेळी मैदानावर पाणी असतं. वर सुरूंच्या कडेला उरते ती भुसभुशीत वाळू, तिच्यात चेंडू रुततो, पायही रुततो. अमावास्या-पौर्णिमेला उलट. बाराच्या सुमाराला भरती, संध्याकाळी ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी मागे जातं तेही लांबच लांब. मागे राहते ती ओली, घट्ट, सपाट वाळू. त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत, एवढेच काय ते यांचे सरावाचे दिवस. पंचांग बघून फुटबॉल खेळणारी मुलं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

त्या मैदानाची एक बाजू समुद्राकडे उतरती असते. चेंडू सारखा तिकडे ओढ घेतो. म्हणून अर्ध्या वेळानंतर बाजू बदलणं इथे फार महत्त्वाचं. ओल्या वाळूवर टप्पा पडत नाही, चेंडू पडला की बसतो, त्यामुळे मुलं उंच मारायच्या भानगडीत पडत नाहीत. पायाच्या आतल्या बाजूने, जमिनीलगत, एकाकडून दुसऱ्याकडे. समुद्राच्या बाजूला खेळतो तो मुलगा परवाच्या चौघांतला आहे. चेंडू लाटेत गेला की तो थांबत नाही, घोट्याएवढ्या पाण्यातूनच वळवून आणतो आणि आत सोडतो. त्याची टाच एकदा जवळून बघितली मी. खारवलेली, भेगाळलेली, आणि बोटं पसरट, वाळू धरून ठेवणारी. ते पाय दाराशी नुसते नियमासाठी बघितले गेले, कसब म्हणून कुणी बघितले नाहीत.

मुलांचे पाय वर्षाला वाढतात, बूट तेवढेच राहतात. पालघर, बोईसर, माहीम, सफाळे, कितीतरी घरांच्या माळ्यांवर लहान झालेले बूट पडून असतील. ते द्या. प्रत्येक स्पर्धेच्या मांडवात पाण्याच्या पिंपाशेजारी अशा बुटांची एक पेटी ठेवा, ज्याला बसेल त्याने घालावेत, मॅच झाली की परत ठेवावेत. आमच्या घरची पेटी कालपासून सुरू झाली. भाच्याचे बूट त्याच्या अंगठ्याला लागायला लागलेच होते. समुद्राच्या बाजूच्या त्या मुलाला ते बरोबर बसतात, ओसरीवर दोन फेऱ्या मारून बघितल्या त्याने. मग काढून, पुसून, पेटीत ठेवले.

शुक्रवारी अमावास्या आहे. पाचला मैदान मोकळं होईल. वाळूवर काय, अकराही जण अनवाणीच असतात.