थंडाव्याचा ताळेबंद

चैत्र उजाडला की विद्युत उपकरणांच्या दुकानांचा दर्शनी भाग पालटतो. मिक्सर आणि शेगड्या मागे सरकतात, वातानुकूलन यंत्रे पुढे येतात, आणि अक्षय तृतीयेपर्यंत घरोघरी ‘यंदा एसी घ्यायचाच’ ही चर्चा रंगते. पोत्यामागे दोन रुपये वाचावेत म्हणून तीन बाजारांतील भाव काढणारा व्यापारी चाळीस हजारांची ही खरेदी मात्र अर्ध्या तासात, विक्रेत्याच्या शब्दावर उरकतो. पडतळ काढण्याची त्याची सवय पेढीच्या उंबरठ्यापाशीच थांबते. वस्तुतः यंत्राची छापील किंमत ही त्याच्या खर्चाची केवळ सुरुवात होय. पुढील दहा वर्षांचे वीजबिल, बसवणी, देखभाल आणि दुरुस्ती एकत्र मांडल्याखेरीज सौदा स्वस्त की महाग हे ठरत नाही.

गरज कोणाची?

किती टनाचे आणि कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न ते कोणासाठी घ्यायचे हा आहे. एका जिल्ह्याच्या गावातील धान्य-व्यापारी कुटुंबाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. खाली दुकान आणि वर दोन मजले असे त्यांचे घर. पहिल्या मजल्यावरील दोन्ही मुलांच्या खोल्यांत यंत्रे बसली. आजींची खोली सर्वांत वर, पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. ‘मला पंखा पुरे’ असे त्यांनीच सांगितल्यामुळे विषय तेथेच मिटला. आजींचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. मे महिन्यातील एका पहाटे त्यांना भोवळ आली, त्या पडल्या आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

यात कोणाची निष्ठुरता नव्हती. उष्णतेचे गणित ठाऊक नव्हते, इतकेच. सिमेंट-काँक्रीटचे छत दिवसभर ऊन शोषते आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडते. म्हणून वरच्या मजल्यावरील खोली मध्यरात्रीही भट्टीसारखी राहते. वाढत्या वयात तहानेची जाणीव आणि घाम येण्याची क्षमता दोन्ही मंदावतात. त्यात रात्री पाणी वर्ज्य असेल तर थंड खोली ही चैन राहत नाही. त्या कुटुंबाने नंतर नवे यंत्र घेतले नाही. धाकट्या सुनेने आपली खोली आजींना दिली, वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. खर्च थोडा झाला आणि प्रश्न सुटला. गच्ची, खिडकी आणि भिंत यांची व्यवस्था आधी लावली, तर पुढे यंत्रही लहान पुरते, हे यातून ध्यानात घ्यावे.

टन म्हणजे काय?

वातानुकूलनातील टन हे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता त्याच अवधीत खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात ती सुमारे ३.५ किलोवॅट भरते. सर्वसाधारणपणे १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीला दीड टन पुरतो. खोली वरच्या मजल्यावर असेल, भिंत पश्चिमेची असेल किंवा खोलीत माणसांचा राबता अधिक असेल, तर त्याहून थोडे मोठे यंत्र लागते.

‘मोठे घेतलेले बरे’ हा विचार मात्र येथे चालत नाही. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटपट गार करते आणि थांबते. परंतु हवेतील दमटपणा काढण्यास त्याला अवधीच मिळत नाही. मुंबई आणि कोकणासारख्या दमट भागात अशी खोली गार असूनही चिकट वाटते. समुद्राजवळच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खाऱ्या हवेत बाहेरच्या भागाचे धातू लवकर झिजतात. म्हणून तांब्याचे वेटोळे आणि त्यावर गंजरोधक लेप असलेले यंत्र निवडावे. तांब्याच्या नळीला छिद्र पडल्यास ती सांधता येते. ॲल्युमिनियमच्या वेटोळ्याची दुरुस्ती अवघड असते आणि बहुधा ते बदलावेच लागते.

ताऱ्यांचा हिशेब

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी प्रत्येक यंत्रावर असते. २०१८ पासून साधी आणि इन्व्हर्टर यंत्रे एकाच मापाने मोजली जातात. ग्राहक केवळ तारे मोजतो. परंतु पट्टीवरील दोन आकडे अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला आकडा हंगामी कार्यक्षमतेचा, म्हणजे एक युनिट वीज खर्चून यंत्र किती युनिट उष्णता बाहेर काढते याचा. दुसरा वार्षिक विजेचा असून तो वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. पट्टी कोणत्या कालावधीची आहे हेही पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात. जुन्या साठ्यातील पाच तारे नव्या मापाने कमी भरू शकतात.

आता हिशेब मांडू. समजा, तीन ताऱ्यांच्या यंत्रावर वार्षिक १,००० युनिट आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रावर ७६० युनिट असा आकडा आहे आणि किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे. युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाला २,४०० रुपये वाचतात आणि जादा रक्कम तीन वर्षे चार महिन्यांत वसूल होते. परंतु पाहुण्यांच्या खोलीत तेच यंत्र वर्षाला केवळ ४०० तास चालणार असेल, तर बचत ६०० रुपयांवर येते आणि वसुलीला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे रोज रात्री वापरल्या जाणाऱ्या खोलीत पाच तारे घेणे शहाणपणाचे, तर क्वचित वापराच्या खोलीत तीन तारे पुरेसे. विजेचा दर धरताना बिलावरील सरासरी घेऊ नये. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते आणि यंत्राची युनिटे वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून दर वरच्या टप्प्याचाच धरावा.

‘बिनव्याजी’ हप्ता आणि बिलाचे नाव

व्याजाशिवाय पैसा मिळत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. समजा, यंत्राची किंमत ४२,००० रुपये आहे आणि ‘बिनव्याजी’ बारा हप्ते ३,५०० रुपयांचे आहेत. रोखीने मात्र तेच यंत्र ३९,५०० रुपयांना मिळते. हे २,५०० रुपये म्हणजेच व्याज. वरवर पाहता ते सहा टक्क्यांच्या थोडे वर दिसते. परंतु मुद्दल दरमहा फिटत जात असल्याने खरा वार्षिक दर सुमारे साडेअकरा टक्के पडतो, आणि २०० रुपयांचे प्रक्रिया शुल्क धरले तर साडेबारा. म्हणून दुकानात प्रथम रोखीचा अंतिम भाव विचारावा आणि हप्त्याचा विषय त्यानंतर काढावा.

दुसरा मोह बिलाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या यंत्रांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही घरच्या यंत्राचे बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन कर वळता करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. व्यक्तिगत उपभोगाच्या वस्तूवर अशी वजावट कायद्याला मान्य नाही, आणि त्या यंत्राचा घसारा पेढीच्या खर्चात दाखवणेही योग्य नाही. तपासणीत हे उघड झाल्यास कर, व्याज आणि दंड तिन्ही भरावे लागतात. शिवाय एका नोंदीमुळे संपूर्ण वहीकडे संशयाने पाहिले जाते. पेढीचे यंत्र पेढीच्या नावे आणि घरचे घराच्या नावे, हाच सरळ मार्ग. बिलावर आतील व बाहेरील अशा दोन्ही भागांचे क्रमांक लिहून घ्यावेत. हमीचा दावा करताना तेच कामी येतात.

हमीपत्रही वाचावे. जाहिरातीतील ‘दहा वर्षे’ बहुधा कॉम्प्रेसरपुरती असतात. नियंत्रक इलेक्ट्रॉनिक पट्टी, पंख्याची मोटर, वेटोळे आणि गॅस यांची मुदत वेगवेगळी असते, आणि बिघाड अनेकदा त्या पट्टीतच होतो.

बसवणी: खरी कसोटी

उत्तम यंत्रही वाईट बसवणीने निकामी होते. बाहेरचा भाग मोकळ्या हवेत असावा. शोभेसाठी त्याला जाळीच्या पेटीत कोंडले, तर त्याने बाहेर टाकलेली उष्ण हवाच तो पुन्हा ओढतो आणि बिल वाढते. दोन भागांमधील नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. किमतीत साधारण तीन मीटर नळी धरलेली असते आणि पुढील प्रत्येक मीटरचा खर्च वेगळा आकारला जातो. तो दर आधीच लेखी घ्यावा. पाणी वाहून नेणाऱ्या नळीला उतार हवा, नाहीतर पाणी भिंतीत मुरते.

गॅस सोडण्यापूर्वी नळीतील हवा आणि बाष्प व्हॅक्यूम पंपाने पंधरा-वीस मिनिटे काढणे आवश्यक असते. घाईत असलेले कारागीर थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. त्यामुळे बाष्प आत राहते आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. आज अनेक यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे, ही बाबही ध्यानात असावी. घरातील जाणत्या व्यक्तीने त्या वेळी उभे राहून पंप लावला जातो की नाही हे पाहावे.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. दीड टनाच्या यंत्राला तांब्याची ४ चौरस मिलिमीटर जाडीची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे. जुन्या वाड्यांतील तारा दिवे आणि पंखे यांच्या हिशेबाने टाकलेल्या असतात. त्यांवर हा भार आला की जोडाजवळ तार तापते, आवरण वितळते, आणि आग लागते ती बहुधा सर्वजण झोपेत असताना. घराला मंजूर असलेला वीजभार अपुरा असल्यास वितरण कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

बाहेरचा भाग बसवणारा तरुण चौथ्या मजल्याच्या छज्जावर दोरीविना उभा राहतो, हे दृश्य शहरांत नित्याचे झाले आहे. कमरपट्टा आणि दोर असल्याशिवाय काम सुरू करू न देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी बसवणी एक दिवस पुढे गेली तरी घरात उकाडा वाढेल, इतकेच. तिकडे एका कुटुंबाचा कर्ता वाचेल.

देखभाल: थोडी, पण नियमित

आतील जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी. हे काम घरातील शाळकरी मुलालाही जमते. धुळीने बुजलेली जाळी हवा अडवते, यंत्र अधिक वेळ चालते आणि वीज वाया जाते. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बाहेरच्या भागासह संपूर्ण सफाई करून घ्यावी.

दरवर्षी ‘गॅस कमी झाला’ असे सांगून दोन-तीन हजार रुपये घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. गॅस हे इंधन नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. कारागिराकडून गळतीची जागा दाखवून घ्यावी आणि बिलावर तशी नोंद करून घ्यावी.

तापमानाबाबत, १ जानेवारी २०२० पासून यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंश ठेवून छताचा पंखा मंद गतीने चालवला, तर अंगाला तितकेच सुख लाभते आणि वयस्कर मंडळींचे सांधेही आखडत नाहीत.

जुने यंत्र काढताना ते रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तो तांब्यासाठी नळी कापतो आणि वायू हवेत सोडतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू पृथ्वीच्या ओझोन थराला हानी पोहोचवतो. शिवाय त्याची तापमानवाढ घडवण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. अधिकृत ई-कचरा केंद्र किंवा कंपनीची अदलाबदल योजना हाच उचित पर्याय होय.

पेढीवर प्रत्येक उधारीचे खाते असते, तसे घरातील यंत्राचेही एक पान असावे. त्यावर खरेदीचा दिनांक, हमीची मुदत, प्रत्येक सफाई, प्रत्येक दुरुस्ती आणि उन्हाळ्यातील दरमहाची युनिटे लिहावीत. दोन उन्हाळ्यांची नोंद समोर आली की कोणते यंत्र ठेवावे, कोणते बदलावे आणि कोणत्या खोलीत खरोखर गरज आहे, हे त्या पानावरूनच उमगते.