आधी मेथी, मग गुळवेल

वैद्यवर्गाच्या सभासंमेलनांतून एक सूचना वारंवार मांडली जाते. प्रत्येक चिकित्सालयाच्या आवारात, निदान गच्चीवर तरी, औषधी वनस्पतींचे एक उद्यान असावे, अशी ती सूचना होय. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना झाल्यानंतर अशा उद्यानांना शासकीय प्रोत्साहनही लाभले. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. तथापि शहरांतील अशी जी उद्याने आमच्या पाहण्यात आली, त्यांपैकी अनेकांचे चित्र विषण्ण करणारे आहे. पाटीवर 'सर्पगंधा' अशी अक्षरे आणि पाटीखाली गाजरगवत! उद्घाटनाच्या दिवशी लावलेली रोपे पहिल्या उन्हाळ्यातच गेली. पाट्या मात्र उरल्या. त्यामुळे या विषयावर आमचे मत काहीसे वेगळे झाले आहे आणि ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधी दुकानदारांपुढे स्पष्टपणे मांडावे असे आम्हास वाटते. शहरातील वैद्याने आपल्या परसात पहिला वाफा औषधींचा करू नये, भाजीचा करावा.

याचे कारण असे की, भाजी लावणाऱ्याला लवकर आणि खरे उत्तर देते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीस येते, पालक महिन्या-सव्वा महिन्यात, मुळा दीड महिन्यात. चूक झाली तर ती त्याच महिन्यात दिसते व पुढच्या महिन्यात सुधारता येते. अडुळसा वा गुळवेल कशीही तग धरते, म्हणून ती शिकवत नाही; सर्पगंधेची मुळे हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात, तोवर उत्साह संपलेला असतो. शिवाय भाजी खायची असते. जे ताटात यावयाचे आहे त्याला पाणी घालण्यास घरातील कोणी ना कोणी उठतेच. जे केवळ दाखवावयाचे आहे त्याला कोणी उठत नाही.

आमचा स्वतःचा पहिला प्रयत्न फसला, हे सांगण्यात आम्हास संकोच नाही. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पुण्यातील परसदार जवळपास नामशेष झाले. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे अळू, कढीलिंबाचे झाड, तुळस, अडुळसा हे सारे त्यासोबत गेले. आमच्या चिकित्सालयामागे उरली ती भिंतीलगतची चार फुटांची पट्टी. ती खणून आम्ही दसऱ्यास मेथी पेरली. ती उत्तम उगवली आणि आठवड्याभरात जमिनीलगत कुजून आडवी झाली. आम्ही बियाण्यास दोष दिला. संधिवातासाठी येणाऱ्या एका वृद्ध शेतकरी बाईंनी मात्र मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ही माती नाही, चुना न् विटांचा चुरा आहे. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी कशाला घालता? मेथी तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरते." त्यांच्या बोलण्यातील निदान अचूक होते. हेतू आणि सम्प्राप्ती या शब्दांवर व्याख्याने देणारे आम्ही मातीची परीक्षा न करता चिकित्सेस लागलो होतो.

वनात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे लोक औषधींना नामरूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. अर्थात केवळ नामरूपाची ओळख पुरेशी नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले आहे. आज आमची स्थिती नेमकी उलट झाली आहे. गुणकर्म मुखोद्गत, परंतु रूप अपरिचित. पथ्याच्या छापील कागदावर आपण चाकवत व तांदुळजा लिहून देतो, रुग्णाने "तांदुळजा म्हणजे नेमका कोणता माठ?" असे विचारले, तर किती जण जुडी हातात घेऊन दाखवू शकतील? चरकांनी शाकांत श्रेष्ठ म्हणून जीवंती सांगितली, पण तिच्या ओळखीविषयीही प्रांतोप्रांती मतभेद आहेत. भुईआवळा म्हणून बाजारात एकाहून अधिक जाती एकत्र येतात, हे दुकानदार मंडळी जाणतातच. ज्याने स्वतःचा वाफा निंदला आहे त्याला घोळ, माका, पुनर्नवा आणि भुईआवळा ही तणे म्हणूनच भेटतात. पानामागची फळे, खोडाचा रंग, मुळाचा वास यांची ओळख अशी होते की ती पुन्हा विसरत नाही. द्रव्यगुणाचा हा पाठ विनामूल्य आहे.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी लहान आरंभ करावा. तीन फूट रुंद व सहा फूट लांब असा एकच वाफा पुरे. रुंदी तीन फुटांहून अधिक नसली म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. भिंतीलगत एकाच बाजूने जाता येत असेल तर ती दोन फूटच ठेवावी. पालेभाजीस तीन-चार तास ऊन चालते, फळभाजीस पाच-सहा तास हवेच. इमारतीभोवतीच्या जमिनीत राडारोडा असतो आणि जुन्या रंगातील शिसेही असू शकते; म्हणून तेथील माती न वापरता विटांची कड करून त्यात बाहेरची स्वच्छ माती दोन भाग व पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण फूटभर भरावे. ताजे शेण घालू नये. त्याने हुमणी व वाळवी येते, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस ते आरोग्याच्या दृष्टीनेही वर्ज्य आहे. दसरा ते दिवाळी हा काळ नवशिक्यास सर्वांत अनुकूल. मेथी, पालक, मुळा, चाकवत आणि कोथिंबीर पेरावी. धने रगडून दोन दळे करूनच पेरावेत. भेंडी, गवार व दोडका पुढील पावसाळ्यासाठी राखून ठेवावीत. बोट मातीत पेरभर घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. मावा पडल्यास लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी.

येथे औषधी दुकानदारांस व काढे करणाऱ्या वैद्यांस एक विशेष विनंती आहे. काढ्याचा जो चोथा आपण रोज कचऱ्याच्या गाडीत टाकतो, ते खत आहे. मात्र तो काष्ठमय असतो. कच्चाच मातीत मिसळल्यास कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो व रोपे पिवळी पडतात. म्हणून तो स्वयंपाकघरातील ओला कचरा व थोडे शेण यांसह तीन-चार महिने कुजवावा आणि मातीचा वास येऊ लागल्यावरच वापरावा. वत्सनाभ, भल्लातक यांसारख्या विषद्रव्यांचा अथवा रसकल्पांचा कोणताही अंश त्यात जाऊ देऊ नये.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून कोरडे केलेच पाहिजे. वैद्याच्या परसात डेंग्यूचे डास व्हावेत, ही नामुष्की होय. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. परसात उगवलेली वनस्पती वाळवून, चूर्ण करून दुकानातून देण्याचा मोह कोणासही होऊ नये. औषधनिर्मितीस परवाना, शेड्यूल टी मधील उत्तम निर्मितीचे नियम आणि द्रव्याची रीतसर ओळख आवश्यक आहे; 'घरची आहे' हे प्रमाणपत्र नव्हे. भाजी घरी खावी, शेजाऱ्यास द्यावी; औषध मात्र औषधाच्या मार्गानेच यावे.

शास्त्राने शाकाची फारशी स्तुती केलेली नाही, मग हा खटाटोप कशास, असा आक्षेप काही ज्येष्ठ वैद्य घेतील. आक्षेप साधार आहे. परंतु वाग्भटांनी भाजी वाफवून, रस पिळून, भरपूर स्नेहात सिद्ध केली असता ती फारशी दोषकर होत नाही, असेही सांगितले आहे. आणि भावप्रकाशात पत्र, पुष्प, फल, नाल, कंद व संस्वेदज असे शाकाचे सहा प्रकार सांगून एक संपूर्ण वर्गच त्यास दिला आहे. म्हणजे कोणते, किती आणि कसे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रुग्णास द्यावयाचे तर भाजी खुडण्यापासून शिजविण्यापर्यंत आपल्या हाताखालून गेलेली असावी.

आमची सूचना एवढीच. संघटनेच्या शाखांनी येत्या दसऱ्यास उद्यानाचे उद्घाटन करू नये, पाट्या रंगवू नयेत; प्रत्येक सभासदास मेथी व चाकवताचे बियाणे द्यावे आणि संक्रांतीच्या सभेत ज्याने त्याने आपला अनुभव सांगावा, त्यातही फसलेला आधी. ज्याची मेथी दुसऱ्या खेपेस टिकली, त्याने मग खुशाल गुळवेल लावावी. तिच्यासाठी पाटीची आवश्यकता भासणार नाही. आमचा दुसरा वाफा टिकला. पहिली जुडी आम्ही त्या संधिवाताच्या बाईंनाच दिली; त्यांनी ती उलटून मुळे पाहिली, आणि काही न बोलता पिशवीत ठेवली.