दगड आपला, पोलाद कुणाचं?

मुलांनो, या आठवड्यात अ‍ॅटलासची दोन पानं लागणार आहेत. एक भारताचं, दुसरं आफ्रिकेचं. आणि जमलं तर हातात एक काळा दगड घ्या. आमच्या चिखल्याच्या मुलांना तो शोधावा लागत नाही. रस्त्याच्या कडेलाही सापडतो, आणि उचलला की कळतं, आकाराच्या मानाने भलताच जड आहे! हे मँगनीजचं खनिज. पोलाद चिवट आणि मजबूत करायला मँगनीज लागतंच. रेल्वेचा रूळ, पुलाची तुळई, तुमच्या सायकलची साखळी, सगळ्यात ते थोडं थोडं असतं.

आता भारताच्या पानावर तुमसर शोधा. तिथून गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत एक रेल्वे तिरोडीला जाते. ही गाडी कित्येक दशकं तिरोडीलाच संपायची. पुढचं कटंगी जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, तरी रूळ तिथवर पोहोचायला अलीकडची वर्षं उजाडावी लागली. असं का बरं? रूळ मुख्यतः खनिजासाठी टाकले होते. खाणी आल्या, रूळ थांबले!

१८९६ साली इंग्लंडमधल्या लोकांनी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' नावाची कंपनी काढली. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातलं मँगनीज ती खणू लागली. १९०९ साली फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या मँगनीजवाल्या एका खडकाला त्याने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. खडकाला नाव गोंडांचं, खाण मात्र इंग्रज कंपनीची!

पहिल्या महायुद्धाच्या आधी जगाला सर्वांत जास्त मँगनीज पुरवणारे दोनच देश होते, रशिया आणि भारत. पण जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं ते १९१२ साली. तोवर आपल्या दगडाचं पोलाद व्हायचं परदेशात. तिथून ते रूळ आणि यंत्रं होऊन परत यायचं, आपण विकत घ्यायचो. पुढे मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर न्यायला जवळचं बंदर हवं म्हणून विशाखापट्टणमचं बंदर बांधलं. ते सुरू झालं १९३३ साली.

आता आफ्रिकेचं पान. किनारा बघा. आपल्या कोकणात कशा खाड्याच खाड्या आहेत, तशा तिथे फार कमी. त्यामुळे नैसर्गिक बंदरं थोडी. खंडाचा बराच भाग पठाराचा. काँगोसारखी अफाट नदी, पण समुद्राजवळ येताना पठारावरून धबधब्यांनी उतरते, म्हणून समुद्रातलं जहाज आत जाऊ शकत नाही. वर सहारा वाळवंट. ५४ देशांपैकी १६ देशांना समुद्रकिनाराच नाही. ही झाली भूगोलाची अडचण.

त्यात इतिहासाची भर पडली. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनला एक परिषद भरली. आफ्रिकेत कुणी कसा ताबा सांगायचा याचे नियम तिथे ठरले. चौदा देशांचे प्रतिनिधी होते, आफ्रिकेचा एकही नव्हता! पुढे खंडाची वाटणी झाली. नकाशावर काही सीमा पट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतात ना? त्या अशाच कागदावर ठरल्या.

आणि रेल्वे? आज ज्याला घाना म्हणतात तो देश बघा. इंग्रजांनी तिथे किनाऱ्यापासून सोन्याच्या खाणींपर्यंत रूळ नेले. त्याच मार्गावर न्सुता नावाचं गाव आहे. १९१६ पासून तिथून काय निघू लागलं, सांगा पाहू? मँगनीज! बोटी लागाव्यात म्हणून १९२८ साली ताकोराडी बंदर सुरू झालं. ताकोराडी १९२८, विशाखापट्टणम १९३३. चिखला आणि न्सुता, दोन खंडांतली जुळी भावंडंच म्हणा.

हे वर्गात सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "पण सर, रेल्वे तर मिळाली ना? नाहीतर तुमसरला कशाने गेलो असतो?" प्रश्न रास्त आहे. रूळ कामाचेच. पण ते कुठून कुठे जातात ते बघायचं. गावांना गावांशी जोडणारे रूळ बाजार वाढवतात. फक्त खाणीला बंदराशी जोडणारे रूळ गावाच्या दारावरून माल घेऊन जातात.

मग भूगोल आणि इतिहास मिळून नशीब कायमचं ठरवून टाकतात का? नाही. बोट्स्वानाला किनारा नाही. १९६६ साली तो स्वतंत्र झाला, १९६७ साली हिरे सापडले, आणि सरकारने आपला वाटा नीट मागून घेतला. तो पैसा शाळा-रस्त्यांना लागला. आपल्याकडे १९६२ साली 'मॉयल' झाली, १९७७ साली परदेशी कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजवर तिथेच प्रक्रिया करून बॅटरीच्या सेलसाठी माल बनवण्याचा कारखाना उभा राहिला.

पण खनिज दाराशी असणं पुरत नाही. तुमसरजवळ माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखाना होता, तो बंद पडला. अशा कारखान्याला वीज प्रचंड लागते. वीज, कसब, भांडवल हे सगळं जुळावं लागतं.

आता गंमत ऐका, आणि जरा विचारही करा. आज भारताला आपलं मँगनीज पुरत नाही. दक्षिण आफ्रिका, गॅबन इथून आपण ते आणतो. ज्या विशाखापट्टणमहून आपला दगड बाहेर जायचा, तिथेच आता आफ्रिकेचा दगड उतरतो! आपण रोख किंमत मोजतो, बंदुकीच्या धाकाने घेत नाही, हा फरक मोठा आहे. तरी प्रश्न तोच, पोलाद कुठे होणार? गॅबनने २०२५ साली जाहीर केलं, की २०२९ पासून कच्चं मँगनीज बाहेर पाठवायचं नाही, प्रक्रिया देशातच करायची. आपल्या कारखान्यांना ते जड जाईल कदाचित. पण चिखल्याच्या माणसाला त्यांचं म्हणणं कळायला वेळ लागू नये.

या आठवड्याचा उद्योग: तुमच्या गावातून बाहेर जाणाऱ्या तीन वस्तू लिहा. धान, तेंदूपत्ता, दूध, काहीही. त्यांचं पुढे काय बनतं आणि कुठे, हे आई-बाबांना विचारा. त्यांनाही माहीत नसेल तर एखाद्या रविवारी दोघं मिळून शोधा. आणि वहीत तिसरा रकाना आखा: 'हे आपल्या गावात होऊ शकेल का?' त्यासाठी काय काय लागेल, तेही लिहा.