विश्लेषण : परराष्ट्र मंत्रालयात सुरक्षेचा विचार कोण करते?

‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देण्यासाठी ७ मे २०२५ च्या सकाळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह पत्रकारांसमोर आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री होते. तीन दिवसांनी गोळीबार थांबवण्याबाबत समझोता झाल्याचेही मिस्री यांनीच जाहीर केले. कारवाई सैन्यदलांची, फोनवरची बोलणी लष्करी अधिकाऱ्यांची. मग परराष्ट्र सचिव तिथे कशासाठी? कारण बंदुकीच्या प्रत्येक निर्णयाला राजकीय अर्थ असतो आणि तो जगाला समजावून सांगणे हे परराष्ट्र मंत्रालयाचे काम आहे. प्रश्न असा की, हे काम करणारी यंत्रणा पुरेशी सक्षम आहे का?

कामाची विभागणी कशी?

मंत्रालयात ढोबळमानाने दोन प्रकारचे विभाग आहेत. पहिले प्रादेशिक. उदाहरणार्थ, पाकिस्तान, अफगाणिस्तान व इराण यांचा एक विभाग, तर चीन, जपान, दोन्ही कोरिया यांच्यासाठी पूर्व आशिया विभाग. दुसरे विषयवार. त्यात निःशस्त्रीकरण व आंतरराष्ट्रीय सुरक्षा, दहशतवादविरोध, सायबर, संयुक्त राष्ट्रांतील राजकीय कामकाज असे विभाग येतात. हिंद-प्रशांत क्षेत्रासाठी २०१९ मध्ये, तर नव्या व सामरिक तंत्रज्ञानासाठी २०२० मध्ये स्वतंत्र विभाग झाले. विभागाचा प्रमुख साधारणपणे सहसचिव दर्जाचा असतो. त्याच्या वर सचिव आणि सर्वांच्या वर परराष्ट्र सचिव.

एका प्रश्नाला किती दारे?

मसूद अजहरचे प्रकरण पाहा. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याचा प्रयत्न भारताने २००९ मध्ये सुरू केला. यश आले १ मे २०१९ रोजी. मधल्या काळात चीनने वारंवार आडकाठी केली. हा विषय पाकिस्तानचा, चीनचा, दहशतवादाचा की संयुक्त राष्ट्रांचा? अर्थातच सगळ्यांचा. न्यूयॉर्कमधील भारतीय दूत, बीजिंगमधील दूतावास आणि दिल्लीतील अनेक विभाग एका सुरात बोलले, तरच अशी कामे होतात. सुरक्षेचा आजचा जवळपास प्रत्येक प्रश्न असाच अनेक दारे ठोठावणारा आहे.

मंत्रालयाबाहेर निर्णय होतात का?

होतात, आणि त्यात गैर काही नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मध्ये निर्माण झाले. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्रा स्वतः मुत्सद्दी होते. चीनशी सीमाप्रश्नावरील विशेष प्रतिनिधींची चर्चा २००३ पासून सुरू आहे आणि भारताकडून ती सुरक्षा सल्लागारच करतात. २०१२ पासून सहसचिव पातळीवरची सल्लामसलत यंत्रणाही आहे. पूर्व लडाखमधील संघर्षानंतर जून २०२० मध्ये कोअर कमांडरांची बोलणी सुरू झाली. परराष्ट्र मंत्रालयाचे सहसचिव त्यात प्रथम बसले ते सप्टेंबरमध्ये, सहाव्या फेरीत. गस्तीबाबतचा समझोता जाहीर व्हायला २१ ऑक्टोबर २०२४ उजाडले.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, लष्कराने जमिनीवरचा तपशील आणि मुत्सद्द्यांनी करारांची भाषा सांभाळायची असते. दोघांना एका मेजावर बसवायला तीन महिने लागू नयेत. दुसरी, सल्लागारांचे कार्यालय बलवान झाल्याने मंत्रालय दुबळे झाले, ही तक्रार अर्धवट आहे. खरा दुबळेपणा मंत्रालयाच्या आतच आहे.

मनुष्यबळ किती?

संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीच्या २०२३ मधील अहवालानुसार भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या अवघी १,०११ आहे. त्यांपैकी ६६७ परदेशातील दूतावासांत, तर ३३४ मुख्यालयात. मुख्यालयातील विभाग ५७. म्हणजे एका विभागाच्या वाट्याला सरासरी सहासुद्धा अधिकारी येत नाहीत. २०२३-२४ मध्ये मंत्रालयाची तरतूद सुमारे १८ हजार कोटी रुपये होती, केंद्राच्या एकूण खर्चाच्या जेमतेम ०.४ टक्के. एवढ्या माणसांत दौरे, संसदेतील प्रश्न, निवेदने आणि शिष्टमंडळे उरकायची. दहा वर्षांनंतरचा चीन कसा असेल, याचा विचार मग कोणी आणि कधी करायचा?

पुढचा विचार कोणाकडे?

कागदावर त्यासाठी धोरण नियोजन व संशोधन विभाग आहे. अमेरिकेत असा कक्ष १९४७ मध्ये जॉर्ज केनन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि शीतयुद्धाच्या धोरणाला त्याने आकार दिला. आपल्याकडे याच विभागाकडे मंत्रालयाच्या वार्षिक अहवालाचे संकलनही असते. विचार करणाऱ्यांना संकलनाला जुंपले की, धोरण घटनांच्या मागे धावते. शिवशंकर मेनन, निरुपमा राव, एस. जयशंकर, विजय गोखले आणि मिस्री हे सारे परराष्ट्र सचिव होण्यापूर्वी चीनमध्ये राजदूत होते. हे भाग्यच, पण जाणकार व्यक्ती वरच्या खुर्चीत असणे आणि जाणकारी संस्थेत मुरलेली असणे यांत फरक आहे. व्यक्ती निवृत्त होते, संस्थेची स्मृती टिकावी लागते.

मग काय करावे?

नवे विभाग काढण्याची हौस थोडी आवरावी. पाटी बदलली म्हणून माणसे वाढत नाहीत. धोरण नियोजन विभागाला पूर्णवेळ अधिकारी, बाहेरचे अभ्यासक, सैन्यदलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी आणि थेट परराष्ट्र सचिवांपर्यंत पोहोच द्यावी. सीमेवर तणाव निर्माण होताच मुत्सद्दी पहिल्या फेरीपासून वाटाघाटींत असेल, असा नियमच करावा. भरती वाढवली तरी तिचे फळ दिसायला दशक जाईल. म्हणूनच ती आज हवी. पुढचा पेचप्रसंग पदे भरली जाण्याची वाट पाहत थांबणार नाही.