आमच्या गल्लीतलं हाऊस म्युझिक

शुक्रवारची रात्र, साडेदहा. ऑफिसचा आठवडा संपलेला, गच्चीवर चटई टाकलेली, शेजारी ताटलीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा उरलेला तुकडा, आणि कानात इअरफोन. ही माझी पार्टी. हसू नका. पुण्या-मुंबईत तुमच्याकडे क्लब असतील, लाउंज असतील. सोलापुरात आमच्या गल्लीत या वेळेला कुत्री आणि मी, एवढेच जागे असतो.

तेवढ्यात पुण्याहून दोस्ताचा मेसेज आला : "काय ऐकलालास बे?" हिंजवडीत सात वर्षं काढली, पण गड्याचं सोलापुरी काही गेलेलं नाही. म्हटलं, "तांबडी चामडी." तो म्हणाला, "अजून तेच?" अरे, अजून तेच म्हणजे काय? गाणं म्हणजे दुधाची पिशवी आहे का, तारीख बघून टाकून द्यायला?

ज्यांना हा किडा अजून चावलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. 2024 मध्ये क्रेटेक्स, म्हणजे आपला कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर या दोघांनी हे गाणं आणलं आणि ते प्रसिद्ध केलं 'स्पिनिन रेकॉर्ड्स'नं. हे हॉलंडचं लेबल. मार्टिन गॅरिक्सचं 'अॅनिमल्स' 2013 मध्ये याच लेबलवर आलं होतं. डान्स म्युझिकच्या दुनियेतला हा एवढा मोठा दरवाजा, आणि त्यातून अस्सल मराठी गाणं बाहेर पडतं! क्रेटेक्सनं या प्रकाराला नावही झकास दिलंय : एम-हाऊस. एम म्हणजे मराठी.

आता हाऊस म्हणजे काय? घराशी त्याचा संबंध लांबचा. 1980च्या आसपास शिकागोत 'वेअरहाऊस' नावाचा क्लब होता, तिथं फ्रँकी नकल्स नावाचा डीजे गाणी वाजवायचा. त्या 'वेअरहाऊस'मधलं 'हाऊस' तेवढं या संगीताला चिकटलं. फंडा सोपा आहे : चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेवर एक दणका. धप, धप, धप, धप. मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके. वर काय वाट्टेल ते सजवा, खालचा धप हलत नाही.

मी कॉलेजपासून हे ऐकतोय. पण ते सगळं इंग्रजीत, नाहीतर शब्दच नाहीत. गाणं आवडायचं, पण ते आपलं नव्हतं. दुसऱ्याच्या लग्नात नाचल्यासारखं. मग 2016 मध्ये 'सैराट' आला आणि 'झिंगाट'नं अख्खा महाराष्ट्र हलवला. तेव्हा आमची कॉलर ताठ, कारण नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे. 2017 मध्ये पुण्यातल्या ऋत्विझचं 'उड गए' आलं. शास्त्रीय गाणं शिकलेला पोरगा, स्वतःच गातो आणि स्वतःच लॅपटॉपवर बीट बनवतो. 2024 मध्ये जळगावकडच्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' आली आणि लग्नाच्या हॉलपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळीकडे तीच. 2025 मध्ये त्याचंच 'शेकी'.

म्हणजे बघा, पुणे झालं, जळगाव झालं, आणि आमचं जेऊरसुद्धा झालं. पण सोलापूर शहराचं काय? ना क्लब, ना स्टुडिओची बडदास्त, ना लेबल. इथं 'डीजे' म्हटलं की लोकांना मिरवणुकीतल्या ट्रकवरची स्पीकरची भिंतच आठवते. मी चुकीच्या गावात जन्मलेला फॅन आहे, असं मला खूप वर्षं वाटायचं.

हे सगळं त्या शुक्रवारी रात्री आमच्या अप्पांमुळे उलटंपालटं झालं.

अप्पा म्हणजे माझे वडील. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात त्यांनी 31 वर्षं काढली. आधी कामगार, मग जॉबर. बारा तासांची पाळी, एका शेडमध्ये दोन डझन माग, आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओठांवरून बोलायचं. कापूस कानात घालायचे काही जण, तोही सणासुदीला केल्यासारखा. आता अप्पा रिटायर आहेत आणि त्यांना नीट ऐकू येत नाही. मी 'साखर' म्हटलं की ते भाकर आणून देतात. घरात सगळे त्यावर हसतो. तेही हसतात. पण पूर्वी रात्री रेडिओ लावून बसणारा हा माणूस. गेल्या काही वर्षांत तो रेडिओ कधी बंद झाला ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. आम्ही लक्षच दिलं नव्हतं.

तर त्या रात्री इअरफोनची बॅटरी संपली. मी गाणं छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावलं आणि स्पीकर ठेवला अप्पांच्या लोखंडी खाटेवर, कारण ते उन्हाळ्यात गच्चीवरच झोपतात. मला वाटलं, त्यांना कुठं ऐकू येतंय. दोन मिनिटांनी बघतो तर अप्पा डोळे मिटून, खाटेच्या दांडीवर बोटानं ठेका धरून बसलेले. अगदी बरोबर ठोक्यावर.

मग गाण्यात ती जागा आली. फॅन मंडळींना माहितेय मी काय म्हणतोय ते. आवाज वर वर चढत जातो, आता फुटेल असं वाटतं, आणि एकदम खालचा धप गायब! क्षणभर नुसती पोकळी. क्लबमध्ये या जागेला लोक हात वर करतात.

अप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "लाईट गेली काय रे?"

धप परत आला. "आली," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी हसून लोळलो. पण मग विचारलं तर ते सीरियसली सांगायला लागले. शेडमध्ये दिवसभर आवाज असतो तेव्हा तो जाणवतच नाही. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि मग कान बधिर झाल्यासारखी शांतता. पोरं बाहेर येऊन बिडी पेटवतात, चहा मागवतात. आणि लाईट आली की एकेक माग सुरू होतो, एकदोन मिनिटांत सगळी शेड पुन्हा चालू. "त्या वेळी अंगात कसं येतं माहितेय का?" म्हणाले. मित्रांनो, आम्ही ज्याला 'ड्रॉप' म्हणतो आणि ज्यासाठी लोक हजारो रुपयांची तिकिटं काढतात, त्याचं इतकं चांगलं वर्णन मी दुसरीकडे कुठंही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, हाफ डे. ऑफिसातून परत येताना मागच्या गल्लीतल्या कारखान्याच्या खिडकीशी थांबलो. टॉवेलचे माग चालू होते. मोबाइलमध्ये ठेका मोजायचं अॅप असतं, आवाजाबरोबर बोटानं टिचक्या मारायच्या, ते मिनिटाचे ठोके सांगतं. धोटा डावीकडून उजवीकडे गेला की एक खट्, परत आला की दुसरा, थोडा जाड आवाजाचा. मी मारल्या टिचक्या. आकडा आला 118. म्हणजे जरासा दमलेला हाऊस! मालक आतून विचारतायत, "काय पाहिजे ओ?" त्यांना काय सांगणार, तुमच्या मागाचा टेम्पो बघतोय म्हणून?

संध्याकाळी अप्पांना स्टेप सिक्वेन्सर दाखवला. म्हणजे बीट बनवायचं साधं फ्री अॅप. स्क्रीनवर सोळा चौकोन. ज्या चौकोनावर बोट ठेवाल तो पेटतो आणि त्या जागी आवाज वाजतो. पेटलेला नाही तिथं शांतता. अप्पांनी पाच सेकंद बघितलं आणि म्हणाले, "हे जेकार्डच आहे की."

आणि बॉस, खरंच आहे! सोलापुरी चादरीवरचा मोर कसा येतो? मागाच्या वर जेकार्ड बसवलेलं असतं, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्समधल्या लिऑन गावच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 मध्ये ही युक्ती काढली. भोक किंवा भोक नाही, आवाज किंवा आवाज नाही. 1980 मध्ये जपानच्या रोलँड कंपनीनं टीआर-808 नावाचं ड्रम मशीन काढलं, त्यावरही ओळीनं सोळा बटणं. जगभरच्या पॉप आणि हिपहॉपनं ते मशीन अक्षरशः पिळून काढलं.

आणि हे मशीन आपल्याकडे कधी पोचलं? मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये एक एलपी काढली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सिनेमाच्या गाण्यांना साथ करणारा वादक. त्यानं रोलँडची तीन यंत्रं जोडली आणि त्यावर भैरव, ललत असे राग वाजवले. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं, कारण त्यातला आवाज हुबेहूब 'अॅसिड हाऊस'सारखा, आणि शिकागोचं 'अॅसिड ट्रॅक्स' आलं 1987 मध्ये! पाच वर्षं आधी, मुंबईत! 2015 मध्ये सिंग गेले, पण त्याआधी परदेशात स्टेजवर जाऊन त्यांनी हे वाजवलं होतं. जरूर ऐका. रात्री, दिवे घालवून.

एवढं सगळं छान चाललेलं असताना एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. अप्पांना माझं 'साखर' कळत नाही, मग हे गाणं कसं कळतं?

त्यांना धरून-बांधून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीनवर तपासणी झाली, आलेख निघाला. डॉक्टरांनी समजावलं : सततच्या मोठ्या आवाजानं आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. स, श, फ ही अक्षरं त्या वरच्या भागातली, ती आधी हरवतात. खालचा भाग, म्हणजे ढोल, बास, धप, तो बराच टिकतो. म्हणजे जुन्या गाण्यांतले शब्द अप्पांच्या कानात विरघळून जातात, आणि माझ्या गाण्याचा ठेका तेवढा पोचतो. रेडिओ का बंद झाला ते मला त्या केबिनमध्ये कळलं.

"तुमचीही करूया का?" डॉक्टरांनी सहज विचारलं. माझ्या गळ्यात इअरफोन लटकत होते ना. केली. डाव्या कानाच्या आलेखात, त्याच 4000च्या जागी, एक छोटीशी खाच. छोटीच आहे, पण आहे. अप्पांना 31 वर्षं माग चालवून जे मिळालं, त्याची सुरुवात मी खुर्चीत बसून, हौसेनं, दर महिन्याचे पैसे भरून करून घेतली होती.

लेक्चर देत नाही, फक्त हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालेल. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 90 डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त चारेक तास. मी ऑफिसातला गोंगाट बुडवायला रोज पाच तास फुल व्हॉल्यूम लावत होतो. आता फोनच्या सेटिंगमध्ये मर्यादा घातलीय. पहिले चार दिवस गाणी पांचट वाटली. मग कान सरावले आणि मागची बारीक कलाकुसर ऐकू यायला लागली, जी दणदणाटात कधी सापडलीच नव्हती.

अप्पांना कानातलं यंत्र घेतलंय. ते म्हणतात, त्यात नुसता भांडी आपटल्याचा आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, सवयीला काही महिने लागतील. रोज थोडा वेळ लावतात, कुरकुर करतात, काढून ठेवतात. पण शुक्रवारी रात्री गच्चीवर आमची मैफल ठरलेली. स्पीकर खाटेवर, आवाज बेताचा, आणि अप्पांचा तळवा स्पीकरवर.

तर या वीकएण्डची थप्पी : सुरुवातीला 'उड गए', मग 'गुलाबी साडी', मग अर्थातच 'तांबडी चामडी', आणि शेवटी चरणजित सिंग यांचा भैरव. जमलं तर घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. माझ्या यादीत एक भर अप्पांची आहे : परवा यंत्र कानात घालून त्यांनी रेडिओ लावला, दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाले, "हिचा आवाज बदलला की रे." निवेदिकेबद्दल बोलत होते. बदललाच असणार, इतकी वर्षं झाली!

पुढच्या शुक्रवारी भेटूच. तोवर आवाज जरा कमी.